प्लॅस्टिक किटची गाडी खेळण्यासारखी का दिसते? जाडीचा हिशेब, रंगाचे हात आणि ट्रकची फ्रेम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन मोटारी आणि एक पिकअप अशी तीन किट पूर्ण झाली. भाग नीट चिकटले, रंग सूचनापत्रकाप्रमाणे दिले, तरी कपाटात ठेवलेली गाडी खेळण्यातलीच वाटते. आता १/२५ मापाचा लांब नाकाचा अमेरिकन ट्रॅक्टर (शेतातला नव्हे, मागे ट्रेलर ओढणारा ट्रक), पीटरबिल्ट ३५९, हाताशी आहे. त्याची फ्रेम वाढवून केबिनमागे स्लीपर, म्हणजे ड्रायव्हरच्या झोपण्याचा डबा, बसवायचा आहे. मागे जोडायला १/२४ चा युरोपियन ट्रेलर चालेल का, हेही विचारलंय. ट्रकला आत्ताच हात घालावा, की अजून चार-पाच मोटारी कराव्यात?

हात घाला. ट्रक अवघड नसतो, वेळखाऊ असतो, एवढंच. पण मोटारी खेळण्यासारख्या का दिसतात ते आधी बघू, कारण तेच कारण ट्रकलाही लागू आहे आणि ट्रकवर ते जास्त डोळ्यात भरतं.

कारण आहे जाडी. लांबी, रुंदी, उंची किट बनवणाऱ्याने २४ किंवा २५ पट कमी केलेली असते. जाडी मात्र त्याला तेवढी कमी करता येत नाही. खऱ्या मोटारीचा पत्रा ०.७ ते ०.८ मिलिमीटरचा असतो. २४ ने भागलं तर ०.०३ मिमी. एवढं पातळ प्लॅस्टिक साच्यातून ओतून काढता येत नाही, म्हणून किटची बॉडी मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर जाड असते. हेच उलटं मोजून बघा: १.२ मिमी गुणिले २४, म्हणजे जवळजवळ २९ मिमी. चाकावरच्या कमानीची कड तुम्ही बघता तेव्हा डोळ्याला बोटापेक्षा जाड पत्रा दिसतो. मेंदू हिशेब करत बसत नाही, पण ‘हे खरं नाही’ हे त्याला लगेच कळतं. रंगाचा थर, खिडकीची काच, आरशाची दांडी, वायर, सीटबेल्ट, सगळीकडे हीच गोष्ट. मी गेली कित्येक वर्षं ही कामं करतोय आणि माझा निम्म्याहून जास्त वेळ काही ना काही पातळ करण्यातच जातो.

सगळंच पातळ करायचं नसतं. जिथे कड दिसते तिथेच करायचं. चाकांच्या कमानी, बंपरखालची कड, ग्रिलची चौकट, बॉनेटवरच्या हवेच्या खाचा. धारदार गोल पात्याने आतल्या बाजूने तिरकं तासत जा, म्हणजे आत जाडी तशीच राहते आणि बाहेर दिसणारी कड कागदासारखी होते. बॉडी दिव्यासमोर धरून बघितली की पातळ झालेल्या जागी प्लॅस्टिकमधून उजेड दिसायला लागतो. तिथे थांबायचं. बाहेरच्या बाजूला पातं लावायचं नाही, आकार बिघडतो.

दुसरी गोष्ट साच्याची रेघ. मोटारीची बॉडी एका तुकड्यात निघावी म्हणून साचा चार-पाच बाजूंनी सरकून मिटतो आणि जिथे हे भाग भेटतात तिथे बॉडीवर केसासारखी उंच रेघ राहते. ती नेहमी ठरावीक जागी सापडते: पुढच्या मडगार्डच्या माथ्यावरून हेडलाइटपर्यंत, आणि मागच्या खिडकीच्या खांबावरून उतरून मागच्या मडगार्डवरून थेट टेललाइटपर्यंत. नुसत्या प्लॅस्टिकवर ती दिसत नाही, पण चकचकीत रंग चढला की प्रतिबिंब तिथे तुटतं. ती काढताना मी कटरचं पातं उभं धरतो आणि धारेऐवजी पाठीने ओढतो, एका वेळी बोटभर अंतर. पात्यावर बारीक पांढरा भुसा जमतो. बोटाच्या टोकाला रेघ लागेनाशी झाली की ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, मग ६००, मग १०००. पेपर बोटाने दाबायचा नाही, बोटाची खळी पडते. खोडरबराच्या तुकड्याला गुंडाळून फिरवायचा. खांबावर मात्र रबर जात नाही, तिथे पेपरची बारीक पट्टी करून बूट पुसतात तशी मागेपुढे ओढतो.

दारं, बॉनेट आणि डिकीच्या फटी रंगाआधीच खोल करून घ्या. खऱ्या गाडीत ही फट चार-पाच मिमी असते, म्हणजे १/२४ मध्ये ०.२ मिमीच्या आसपास. किटमध्ये रुंदी बरोबर असते पण खोली फारच कमी, आणि प्रायमर (रंगाखालचं अस्तर), रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) असे थर चढल्यावर ती जवळपास बुजते. मग लोक त्यात काळा रंग ओततात आणि गाडी पेनाने रेखाटल्यासारखी दिसते. पात्याची पाठ चरात ठेवून, वजन न देता, पंधरा-वीस वेळा ओढा. जोर लावलात की पातं चरातून निसटून दारावर ओरखडा काढणार. फट खरोखर खोल असली की सावली आपोआप पडते. वर पातळ केलेला गडद करडा रंग चरात सोडला की पुरे. पांढऱ्या गाडीला काळा कधीच नको, मध्यम करडा घ्या.

आता रंग. तुमच्या वर्णनावरून, ‘संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग आणि कोपऱ्यात साचलेला रंग’, दोन वेगळ्या चुका एकत्र झालेल्या दिसतात. साल येते ती रंगाचा थेंब बॉडीवर पोचेपर्यंत अर्धा सुकतो म्हणून. स्प्रेचा डबा लांब धरला, डबा थंड होता, किंवा हवा फार गरम होती. रंग साचतो तो डबा फार जवळ धरून एकाच हातात सगळं झाकायची घाई केल्यामुळे. पहिल्या हातात साल आली की माणूस दुसऱ्या हाताने ती झाकायला जातो आणि मग ओघळ येतात. रंगाच्या जाडीचा विचार करा: खऱ्या गाडीचा संपूर्ण थर सुमारे ०.१ मिमी, २४ ने भागला तर ०.००४ मिमी. तिथवर आपण कधीच पोचणार नाही, पण प्रत्येक जादा हात बॉडीच्या कडा आणि अक्षरं गोलसर करत जातो हे लक्षात ठेवून डबा उचलायचा.

माझी पद्धत सांगतो. आधी भांडी घासायच्या द्रवसाबणाने आणि जुन्या टूथब्रशने बॉडी धुवायची, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर बऱ्याचदा उरलेला असतो. धुतल्यावर बोटं लावायची नाहीत, आतून काठीला अडकवून धरायची. मग करडा प्रायमर, पातळ. प्रायमरचं खरं काम चुका दाखवणं. दिवा बाजूने, अगदी आडवा धरून बघा, राहिलेली साच्याची रेघ आणि खळगे दिसतील. ते घासून पुन्हा प्रायमर. हे दोन-तीनदा करावं लागलं तर करावं, इथे वाचवलेला वेळ पुढे दुप्पट जातो.

स्प्रेचा डबा कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं उभा ठेवा. कोमट म्हणजे हात बुडवून ठेवता येईल इतकंच. उकळतं पाणी नाही आणि आग तर अजिबात नाही. गरम झालेल्या रंगाचे थेंब बारीक होतात आणि तो पसरतोही चांगला. अंतर १५ ते २० सेंटीमीटर. बटण बॉडीच्या बाहेर दाबायचं, हात सरळ नेऊन पलीकडे बाहेरच सोडायचं. पहिला हात नुसता शिंतोड्यासारखा, खालचा प्रायमर दिसत राहिला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, तसाच. त्यानंतरचा हात ओला, इतका की दिव्याचं प्रतिबिंब त्यात अखंड दिसेल, पण ओघळायच्या आत थांबलेला. हे ‘इतका’ शब्दांत सांगता येत नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या पाच-सहा चमच्यांच्या पाठीवर सराव करा. चमच्याची पाठ मडगार्डसारखीच वळणाची असते.

दमट हवेत लॅकर (तीव्र थिनरचा, झटपट सुकणारा रंग) मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि चकाकीवर पांढुरकं धुकं येतं. आलंच तर घासायला धावू नका. कोरड्या हवेत वरून क्लिअरचा एक पातळ हात दिला की बऱ्याचदा ते विरघळून जातं.

रंगाच्या रसायनाबद्दल एक नियम पाठ करून ठेवा: लॅकरवर इनॅमल (सौम्य थिनरचा, सावकाश सुकणारा रंग) चालतं, इनॅमलवर लॅकर चालत नाही. खालचा इनॅमल फुगतो आणि सुरकुत्या पडतात. आणि किटचं प्लॅस्टिक रंगीत असेल, विशेषतः लाल, तर ते वरच्या रंगात उतरतं. मी एकदा लाल प्लॅस्टिकच्या पिकअपवर थेट करडा प्रायमर आणि वर पांढरा मारला होता. रात्री शुभ्र होती, तिसऱ्या दिवशी बॉनेटच्या कडा गुलाबी झाल्या आणि आठवड्यात सगळी बॉडी. वर आणखी पांढरा दिला तर तोही गुलाबी झाला. शेवटी सगळा रंग उतरवून, आधी चंदेरी रंगाचा एक हात देऊन मग प्रायमर-पांढरा केला, तेव्हा थांबलं. चंदेरी रंगातले धातूचे कण आडवे पसरून भिंतीसारखं काम करतात. तेव्हापासून प्लॅस्टिक पांढरं किंवा करडं नसेल तर चंदेरी हात ठरलेला. त्याउलट पिवळा आणि लाल रंग स्वतः पारदर्शकच असतात, त्यांच्याखाली करडा प्रायमर राहू देऊ नका, पांढरा किंवा गुलाबी द्या. नाहीतर रंग मळका दिसतो आणि तो उजळायच्या नादात थर वाढत जातो.

मेटॅलिक रंग घेताना कण किती बारीक आहेत ते बघा. खऱ्या गाड्यांसाठीचा टचअप स्प्रे मॉडेलवर मारला तर छटा बरोबर असूनही कण २५ पट मोठे झाल्यासारखे दिसतात, जणू बॉडीवर चकमकी चिकटवल्यात. मॉडेलसाठी बनवलेले लॅकर, उदाहरणार्थ तामियाचे टीएस डबे किंवा मिस्टर कलर, बारीक कणांचे असतात.

रंग बोटाला कोरडा लागला म्हणजे सुकला असं नाही. बॉडी नाकाशी धरा, थिनरचा वास येत असेल तर थर अजून आकसतोय. मी लॅकर आठवडाभर ठेवतो. मग २००० आणि ३००० चा पेपर साबणाच्या पाण्यात, अगदी हलका, आणि त्यानंतर पॉलिशिंग कंपाउंड. कडा आणि घड्यांवर रंग सर्वात पातळ असतो, तिथे घासलं की प्रायमर उघडा पडतो, म्हणून घासण्याआधी कडांवर मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या लावतो आणि अगदी शेवटच्या कंपाउंडच्या वेळी काढतो. मेटॅलिक असेल तर रंगाच्या थराला पेपर लावायचाच नाही, फक्त वरच्या क्लिअरला.

आणि हे सगळं करताना वाफांचा मास्क, म्हणजे कार्बनचे डबे असलेला. धुळीचा कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही. खऱ्या गाड्यांचं दोन घटकांचं युरेथेन क्लिअर काही जण मॉडेलवर वापरतात, दिसतं सुंदर, पण त्याच्या हार्डनरमधली आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकतात. घरातल्या खोलीत ते मारू नका.

क्रोम पट्ट्यांकडे येतो. चंदेरी रंगाने ब्रशने रंगवलेली खिडकीची पट्टी हा गाडी खेळणं दिसण्याचा दुसरा मोठा मुद्दा. त्याला उत्तर बेअर मेटल फॉइल: मागे गोंद असलेला, अतिशय पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा. पहिल्यांदा फाटेल, सुरकुतेल, काही हरकत नाही. कागदावरच नव्या पात्याने पट्टीपेक्षा थोडी रुंद फीत कापा. पातं खरंच नवं हवं, एक गाडी संपेपर्यंत मी तीन-चार बदलतो. फीत पात्याच्या टोकाने उचलून खिडकीच्या कडेवर अलगद टेकवा, ताणू नका. लाकडी टूथपिक थोडी बोथट करून तिने पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या चरात दाबत जा, मग कापसाच्या काडीने घासा. फॉइल आता पट्टीचा आकार घेते, तिची कड उठून दिसते. मग पातं त्या कडेच्या चरात ठेवून जवळजवळ त्याच्या स्वतःच्याच वजनाने ओढा. कापलं गेलं की नाही ते हाताला कळत नाही, डोळ्यांना दिसतं: कडेने एक काळी बारीक रेघ उमटते. जादा भाग चिमट्याने मागे दुमडून सोलत जा. सांधा द्यायचा असेल तर कोपऱ्यात द्या, एक-दीड मिमी एकावर एक, घासल्यावर दिसत नाही.

बॉडीवरच्या अक्षरांसाठी आणि बिल्ल्यांसाठी क्रम उलटा. प्रायमरनंतर, रंगाआधी, त्या जागेवर फॉइलचा तुकडा बसवून अक्षरांभोवती घट्ट दाबा आणि त्यावरूनच गाडी रंगवा. रंग सुकल्यावर कापसाच्या काडीला थिनर लावून, जवळजवळ कोरडी करून, उंचवट्यावरून हलकी फिरवा. अक्षरांच्या माथ्यावरचा रंग निघतो आणि खालचा धातू चमकतो. ब्रशने एवढं बारीक काम कोणाकडूनच होत नाही. फार जुन्या साच्यांत अक्षरं झिजलेली असतात, तिथे हे जमणार नाही.

काचा सुपरग्लूने चिकटवू नका, त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. पांढरा गोंद किंवा कॅनपी ग्लू (पारदर्शक भागांसाठीचा गोंद) पुरेसा धरतो, आणि चुकला तर ओल्या काडीने पुसता येतो. आतलं काम मी थोडक्यात उरकतो, कारण छत बसल्यावर डॅशबोर्ड आणि सीटची वरची कड एवढंच दिसतं. तिथे सीटबेल्ट मात्र लावाच: खरा पट्टा ४८ मिमीच्या आसपास, म्हणजे २ मिमी रुंदीची मास्किंग टेप रंगवून. इंजिनात वायर घालायच्या असतील तर स्पार्क प्लगची खरी वायर ७-८ मिमीची असते, आपल्याला ०.३ मिमी हवी. सर्रास वापरली जाणारी अर्ध्या मिमीची वायर १२ मिमीची होते, बागेतल्या नळीसारखी दिसते. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ ला वायरी द्यायच्या तर प्रज्वलनक्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२ आहे, डिस्ट्रिब्युटरवर (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागावर) त्याच क्रमाने लावा. बघणाऱ्यांतला एखादा तरी मोजतोच. ट्रकचं इंजिन डिझेल, त्याला स्पार्क प्लग नसतात. ट्रकच्या इंजिनावर प्लगच्या वायरी लावलेली चांगली चांगली मॉडेलं मी पाहिलीत आणि दर वेळी हळहळलोय.

आता तुमचा ट्रॅक्टर. १/२५ हे माप अमेरिकन किटांत का येतं तेही सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे. तिथली मोटार किटं मूळ डीलरांकडे नवी गाडी दाखवायला ठेवल्या जाणाऱ्या प्रमोशनल मॉडेलांतून निघाली. एएमटीसारख्या कंपन्यांनी १९५८ च्या सुमारास त्याच साच्यांत जादा भाग घालून ‘एकात तीन’ किटं आणली: कारखान्यातली, सजवलेली किंवा शर्यतीची, हवी ती बनवा. भाग बदलून गाडी आपली करण्याची सवय मॉडेलकारांना तिथून लागली, आणि १/२५ माप ट्रकच्या किटांनाही चिकटलं. हे साचे पुन्हा पुन्हा वापरले गेलेत, त्यामुळे भागांच्या कडेला पातळ पापुद्रे येतात आणि लांब भाग वाकलेले असतात. म्हणून कापण्याआधी फ्रेमचे दोन्ही गर्डर, म्हणजे दोन बाजूंच्या लांब तुळया, काचेच्या तुकड्यावर ठेवून बघा. वाकले असतील तर चांगल्या गरम पाण्यात मिनिटभर धरा, काचेवर सपाट दाबा आणि थंड होईपर्यंत सोडू नका. उकळत्या पाण्यात नको, पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लॅस्टिक, १०० अंशांच्या थोडं अलीकडेच लोळागोळा व्हायला लागतं.

किती वाढवायचं ते ट्रकवरून ठरवा, पट्टीवरून नाही. १/२५ मध्ये खरा एक मीटर म्हणजे ४० मिमी. स्लीपरचा डबा कापलेल्या पुठ्ठ्याचा करून केबिनमागे टेपने चिकटवा, चाकं नुसती टेकवा आणि लांबून, डोळा टेबलाच्या पातळीवर आणून बघा. बहुतेक जण स्लीपर जेवढा लांब तेवढीच फ्रेम वाढवतात. मग मागची चाकं स्लीपरला चिकटल्यासारखी दिसतात आणि ट्रेलर वळताना त्याचा कोपरा स्लीपरला घासेल हे उघड दिसतं. इंधनाची टाकी, पायरी आणि मागे उभं राहायची जाळी यांना जागा सोडा.

कापायची जागा अशी निवडा की गर्डर सरळ आहे, आडवी पट्टी नाही, स्प्रिंगचं ब्रॅकेट नाही. दोन्ही गर्डर एकाच ठिकाणी कापू नका, तीन-चार सेंटीमीटर मागेपुढे, नाहीतर फ्रेम तिथे बिजागरीसारखी वाकते. सरळ उभा काप न देता पायरीसारखा द्या, चिकटायला पृष्ठभाग वाढतो. मधला तुकडा तयार सी-आकाराच्या स्टायरीन पट्टीचा, उंची किटच्या गर्डरला जुळणारी. सांध्याला आतून अर्ध्या मिमीच्या स्टायरीन शीटची पट्टी, काप ओलांडून दोन्हीकडे किमान दीड सेंटीमीटर. खऱ्या ट्रकची फ्रेम वाढवतानाही आतून अशीच पट्टी मारतात, त्यामुळे ती दिसली तरी खोटी वाटत नाही.

चिकटवायला पातळ द्रव सिमेंट वापरा, सुपरग्लू नाही. हे सिमेंट गोंद नसून प्लॅस्टिक विरघळवणारं आहे. भाग आधी जागेवर धरायचे आणि ब्रशचं टोक सांध्याला टेकवायचं, द्रव फटीतून आपोआप पळतो. बोट फटीवर असेल तर ते बोटाखालीही पळतं आणि बोटाचा ठसा कायमचा उमटतो. आलेख कागद काचेखाली ठेवा, त्यावरच फ्रेम जुळवा. अमेरिकन ट्रकची फ्रेम बाहेरून बाहेर साधारण ३४ इंच, म्हणजे १/२५ मध्ये ३४.५ मिमी. त्यातून दोन्ही गर्डरांची रुंदी वजा करून उरेल तेवढ्या रुंदीचे लाकडाचे दोन ठोकळे मध्ये घालून रबरबँड लावा आणि पूर्ण दोन दिवस विसरून जा. वरून कडक वाटलं तरी सांधा आतून मऊ असतो आणि घाईत ॲक्सल बसवले तर फ्रेम पिळते.

पीळ तपासायची सोपी युक्ती: ॲक्सल जागेवर, चाकं नुसती खोचलेली, फ्रेम काचेवर. प्रत्येक चाकाखाली पातळ कागदाचा कपटा सरकवा आणि एकेक ओढून बघा. जो सहज निघतो तिथलं चाक वर आहे. स्प्रिंगच्या बुडाशी कागदाएवढी शीट घालून किंवा तासून दुरुस्त करा. दहा टायरांचा ट्रक एका चाकाने अधांतरी राहिला की वरचं सगळं काम वाया जातं, कारण वजनदार वाहन जमिनीवर बसलेलंच दिसलं पाहिजे.

फ्रेम वाढली म्हणजे प्रोपेलर शाफ्टही, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडाही, वाढला. एवढा लांब शाफ्ट खऱ्या ट्रकमध्ये एकसंध नसतो, मध्ये बेअरिंगचा आधार देऊन दोन तुकडे केलेले असतात. एक आडवी पट्टी, तिच्यावर छोटं बेअरिंग आणि एक जास्तीचा सांधा एवढं केलंत की खालून बघणाऱ्यालाही काम पटेल.

क्रोमबद्दल ट्रकवर वेगळा विचार करावा लागतो. किटमध्ये टाकी, धुराडं, बंपर, आरसे सगळं एकाच आरशासारख्या क्रोमचं असतं. खऱ्या ट्रकवर टाकी पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमची, थोडी मऊ, पांढुरकी चमक, बंपर आणि धुराडं क्रोमचं, पायऱ्या खडबडीत ॲल्युमिनियमच्या. मी सगळं क्रोम उतरवतो: कपड्यांच्या क्लोरीन ब्लीचमध्ये भाग बुडवले की क्रोमचा पातळ थर विरघळतो. हवा खेळती हवी, आणि ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया असलेलं काही चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. मग टाकीचे दोन अर्धे जोडून सांधा घासता येतो, जे क्रोमसकट कधीच जमलं नसतं. बंपर-धुराड्यावर चकचकीत काळा, तो पूर्ण सुकल्यावर एअरब्रशने ॲलक्लॅड या कंपनीचा क्रोम रंग, अगदी विरळ. तोही जाड झाला की आरसा जाऊन साधा करडा होतो.

टायरबद्दल एक धोक्याची सूचना. मऊ विनाइलच्या टायरमधला मऊपणा देणारा पदार्थ वर्षानुवर्षांत बाहेर येतो आणि प्लॅस्टिकच्या रिमला खातो, जुनी किटं उघडली की वितळलेल्या चकत्या सापडतात. रिमला रंग किंवा फॉइलचा थर द्या आणि टायर खोक्यात काचांजवळ कधी ठेवू नका. टायरच्या मध्यावरची साच्याची रेघ २४० च्या पेपरवर फिरवून काढा. त्याने तुळतुळीत काळेपणा जातो आणि रस्त्यावर झिजलेला करडा रंग येतो, वेगळा रंग द्यावा लागत नाही.

ट्रेलरबद्दल आता. माप एक नाही, तरी चालेल, आणि त्यामागे थोडं गणित आहे. युरोपात ट्रेलरची उंची ४ मीटरपर्यंत असते, १/२४ मध्ये ती १६७ मिमी येते. अमेरिकेत नेहमीची उंची साडेतेरा फूट, म्हणजे ४.११ मीटर, १/२५ मध्ये १६५ मिमीच्या आत-बाहेर. म्हणजे मोठ्या मापातला बुटका खोका तुमच्या छोट्या मापातल्या ट्रॅक्टरमागे जवळजवळ बरोबर उंचीचा दिसेल. अडचण खाली आहे. युरोपियन ट्रेलरला सहसा तीन ॲक्सल आणि एकेरी रुंद टायर असतात, अमेरिकन ट्रेलरला दोन ॲक्सल आणि जोडटायर. शिवाय ११आर२२.५ या मापाचा ट्रकचा टायर १/२५ मध्ये ४२ मिमीचा आणि १/२४ मध्ये ४४ मिमीचा होतो, शेजारी ठेवले की फरक दिसतो. म्हणून तिन्ही ॲक्सल काढा, १/२५ चे दोन घ्या, जोडटायर लावा. खोका चिकटवण्याआधी ट्रॅक्टरला जोडून खालच्या कडेची रेषा बघा. पुढून वर उचललेला दिसला तर फिफ्थ व्हीलची (ट्रॅक्टरवर ट्रेलर टेकतो आणि अडकतो त्या भागाची) प्लेट तासा, पुढे झुकला असेल तर प्लेटखाली शीट घाला. हवेच्या नळ्या शेवटी: अमेरिकन ट्रॅक्टरला लाल आणि निळी, युरोपियन किटच्या खोक्यावरच्या चित्रात लाल आणि पिवळी दाखवलेली असेल, ती तशी करू नका. अर्ध्या मिमीची मऊ वायर दोन मिमीच्या दांडीवर गुंडाळून काढा आणि थोडी खाली लोंबू द्या.